भागीच्या शिंका

"हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… हॅलो?"

पलीकडून आधी एक शिंक आली. मग दुसरी. मग श्वासही न घेता लागोपाठ चार.

"भागे? भागीच ना गं तू?… हो, हो, शिंकून घे आधी. मी हाय इथंच, फोन ठेवत न्हाई… झालं?… अजून एक?… बरं. बोल आता."

दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या आपल्या क्वार्टरमध्ये गौतमी एका हातात रिसीव्हर आणि दुसऱ्या हातात अर्धी निवडलेली मेथीची जुडी घेऊन उभी होती. रेल्वेच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून तिला सोळा वर्षं झाली होती. त्या आठवड्यात तिची दुपारची ड्युटी होती, म्हणून सकाळी साडेनऊला ती घरी सापडली. भागी म्हणजे भाग्यश्री, न्हावरे गावात राहणाऱ्या तिच्या थोरल्या बहिणीची, चांगुणाची मुलगी. मे महिन्यात तिचं लग्न झालं आणि ती मांडवगण फराट्याला नांदायला गेली. आता २००३ सालचा सप्टेंबर संपत आला होता, आणि या चार महिन्यांत भाचीचा फोन आला तो हा पहिलाच.

"कुठनं बोलतीस?… स्टँडवरनं? तिथल्या फोनच्या बूथवरनं व्हय… आन् सकाळच्या पारी स्टँडवर काय करतीस?… न्हावऱ्याला? आज सोमवारी? सण न्हाई, वार न्हाई… बॅग घेऊन?"

गौतमीनं जुडी टेबलावर टाकली.

"थांब. नीट सांग. कुणी सांगितलं जा म्हणून?… सासूबाईंनी. बरं. आन् रोहन काय म्हणला?… पहिली पाळी हाय त्याची, कंपनीत. म्हंजी त्याला ठावं न्हाई?… ठावं हाय. मग?… 'जा, बरी होऊन ये', एवढंच?… भागे, रडू नगं. ऐक माझं, रडलं की नाक आणखी चोंदतं… पुसलंस?… हां. आता त्या काय म्हणल्या ते जसंच्या तसं सांग… काय?… परत बोल… टीबी?"

हा शब्द गौतमीनं हळूच उच्चारला. दारावरून कोणी जात असेल तर ऐकू नये, इतका हळू. दवाखान्यात ती दिवसातून दहा वेळा तो मोठ्यानं बोलायची, पण दवाखान्यातला शब्द वेगळा आणि घरातला वेगळा. घरात शिरला की तो माणसाच्या नावाला चिकटतो, आणि माणूस बरा झाला तरी सुटत नाही, हे तिनं पुष्कळदा पाहिलं होतं.

"कोण म्हणलं टीबी? कुठल्या डॉक्टरनं?… डॉक्टरनं न्हाई. मग?… शेजारची अनसाबाई. ती काय तपासण्या करती व्हय गं? मशीन हाय का तिच्या पडवीत?… हासलीस ना? हां, हास… कवापासनं चाललंय हे?… पंधरा ऑगस्टच्या आसपास. म्हंजी सहा आठवडे. आन् मला आज सांगतीस… ताट वेगळं? कवापासनं?… पंधरा दिस. तांब्या बी?… आन् झोपायचं?… ओसरीत. एकटी?… आक्काला सांगितलंस यातलं काय?… न्हाई ना. बरं झालं… अगं बरं झालं म्हंजी तसं न्हाई. तुझी आई लगीच डोकं धरून बसली असती, आन् तुला तिचीच समजूत काढत बसावं लागलं असतं."

बाहेरून मालगाडी चालली होती. खिडकीची तावदानं थरथरायला लागली तशी गौतमीनं रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला.

"थांब जरा, गाडी जाऊ दे… हां. आता मी इचारते त्याची फक्त उत्तरं दे. लाजायचं न्हाई. ताप येतो का? संध्याकाळचा, बारीक, कसकस?… कधीच न्हाई? पक्कं?… घामानं भिजून उठतीस का पहाटं?… न्हाई. लग्नातले ब्लाउज सैल झालेत का?… घट्ट झालेत! मग तर बरंच की… खोकला?… शिंकून शिंकून घसा खवखवतो तेवढाच. बेडका पडतो?… रक्तबिक्त?… न्हाई. बरं, नाकातनं येतं ते कसलं? पिवळं का पाण्यावानी?… नळ सोडल्यावानी. आन् खाज?… डोळ्याला. आणखी?… टाळूला? जिभंनं टाळू खाजवतीस का, टकटक आवाज करून?… कानात बी?"

गौतमीनं पायानं खुर्ची ओढली आणि ती पहिल्यांदा बसली. ताप नाही, वजन घटलं नाही, नाकातून स्वच्छ पाणी, आणि टाळूला खाज. ही टाळूची खाज तिला पुस्तकात वाचून माहीत झाली नव्हती. दरवर्षी पाऊस ओसरला की थेट दिवाळीपर्यंत तिची स्वतःची टाळू अशीच शिवशिवायची.

"अगं येडे, मला बी हेच हाय… व्हय, मला. वीस वर्षं झाली. दिवाळीला मी न्हावऱ्याला आले की नाकाला रुमाल लावून बसते, ते तू बघितलंस ना? तुला काय वाटलं, मी दौंडची मॅडम झाले म्हणून?… त्याला अ‍ॅलर्जी म्हणत्यात. नाकाची अ‍ॅलर्जी… न्हाई, लागत न्हाई. एकाचं दुसऱ्याला लागत न्हाई. ताटानं न्हाई, तांब्यानं न्हाई, एका गोधडीत झोपून बी न्हाई. तुझ्या काकांना इचार, अठरा वर्षं माझ्या शेजारी झोपत्यात, एक शिंक गेली न्हाई त्यांच्याकडं."

"कशानं म्हंजी?… ऐक ना. फुलातनं बारीक पिवळी भुकटी उडती, पराग म्हणत्यात त्याला. घरात धूळ असती. दहा जणांच्या नाकात ती जाती आन् काय होत न्हाई. अकराव्याचं अंग तिला इख समजतं. मग नाक तिला बाहेर हाकलाया बघतं. पाणी सोडतं, शिंका आणतं, डोळे चोळाया लावतं. आजार म्हणलं तर आजार, पण जीवघेणा न्हाई… न्हाई गं, तुझा काय दोष? कुणाचे डोळे घारे असत्यात, तसं ते."

पलीकडे भागी काहीतरी पुटपुटली. ताटाबद्दलच होतं.

"ठावं हाय मला, ताट वेगळं म्हंजी काय असतं ते… न्हाई, तुला सांगितलं न्हाई कधी. नर्सिंगला होते तवाची गोष्ट. हॉस्टेलवर. अशाच शिंका, असेच लाल डोळे. बाईंनी मला कडंच्या खोलीत ठेवली, अकरा दिवस. दाराबाहेर जेवण ठेवून जायच्या पोरी. रिपोर्ट चांगला आला, मग परत सगळ्यांच्यात घेतली… रडले की. तुझ्यापेक्षा जास्ती रडले. पण त्यात एक झालं, अकरा दिवस काय काम न्हवतं, तर मी वहीत लिहीत बसले. शिंक कवा आली, कुठं आली, खिडकी उघडी होती का बंद. तिथंच मला उलगडलं. आता तुझं बघू. दिवसात कवा जास्ती?… उठल्या उठल्या. मग जरा थांबतं. आन् परत?… शेतात गेल्यावर. कुठल्या शेतात?… पाण्याच्या चारीकडंच्या. तिथं काय लावलंय?… कांद्याचं रोप. आन् बांधाला?… पांढरी फुलं, बारीक बारीक… पानं गाजरावानी?"

गौतमी खुर्चीतल्या खुर्चीत पुढं सरकली.

"गाजर गवत हाय ते! किती हाय?… कंबरंएवढं. आन् तू काय करतीस त्यात?… उपटतीस. हातानं?… तोंडाला काय न बांधता? फुलं आलेली? अगं भागे… मनगटाला चट्टे असतील मग, बघ बरं… हायत ना? खाजत्यात ना?… घे. अगं दीड महिना तू त्या फुलांत तोंड घालून बसलीस. आन् मधी आठवडाभर झड लागली होती तवा कशी होतीस?… शिंका न्हवत्या? एक बी न्हाई? मग अनसाबाईला इचार की, टीबी पाऊस पडला की सुट्टीवर जातो का म्हणून."

आता भागी मनापासून हसली, आणि हसता हसता तिला पुन्हा शिंका लागल्या. गौतमीनं त्या मोजल्या नाहीत; ती पुढं काय विचारायचं ते मनात जुळवत होती.

"औषध काय घेतलंस?… गोळी. रंग सांग… पिवळी, बारकी. दिवसाला किती?… तीन! झोप येत असंल की मग… कुठं झोपलीस? बांधावर? भर दुपारी?… आन् त्या काय म्हणल्या?… म्हणणारच. त्यांना काय ठावं, गोळी झोपवती ते. त्यांना दिसली सून आडवी पडलेली. आता ती खाऊन कोयता धरू नगं, गाडीवर मागं बी बसू नगं. झोप न आणणारी गोळी असती, दिवसाला एकच. पण ती डॉक्टर बघून देतील, दुकानातनं आपल्या मनानं न्हाई… आन् नाकात काय टाकतीस का?… थेंब. किती दिवस?… कितवी बाटली?… पाचवी?… अगं, ते थेंब तीन-चार दिवसांसाठी असत्यात! तेवढ्यापुरतं नाक मोकळं होतं. पुढं नाकाला त्याची चटक लागती, मग थेंब न्हाई टाकला की आधीपेक्षा जास्ती चोंदतं… व्हय, म्हणूनच रात्री तोंड उघडं टाकून झोपावं लागतं तुला. ते बंद करायचे. चार-सहा दिवस जीव नकोसा होईल, पण बंद करायचे. त्याच्या जागी डॉक्टर फवारा देत्यात एक, नाकात मारायचा. त्यानं लगीच गुण येत न्हाई हां. आठ-दहा दिवस रोज मारावा लागतो, तवा कुठं फरक कळतो. लोक दोन दिवसांत म्हणत्यात काय उपेग न्हाई, आन् कोनाड्यात ठेवून देत्यात… आणखी एक. छातीत शिट्टी वाजती का? दम लागतो?… न्हाई ना. कधी लागलाच तर वाट बघायची न्हाई, त्याच दिवशी दवाखाना. नाकातलं छातीत उतरतं कुणाकुणाचं."

"न्हावऱ्याची गाडी कवा हाय?… साडेदहाला. आन् दौंडची?… सव्वादहाला. मग न्हावऱ्याला जाऊ नगं. इकडं ये… अगं ऐक ना. न्हावऱ्याला बॅग घेऊन उतरलीस तर आख्खं गाव म्हणंल पोरगी परत आली. आक्का तुला काढा पाजंल, आन् आठवड्यानं तू हाय तिथंच. तुला कागद पायजे. डॉक्टरचा. एक्स-रे काढू, बेडका पडलाच तर तो बी तपासू… मला खात्री हाय गं. पण माझ्या खात्रीनं तुझं ताट आत जायचं न्हाई… बरं, पाळी कवा आली?… मागच्या सोमवारी. ठीक हाय. एक्स-रेच्या आधी इचारावं लागतं, म्हणून इचारलं."

"सासूबाई घरी हायत?… तिथं? स्टँडवर?… तुला बसवून द्यायला आल्यात. मग फोन कर म्हणून त्यांनी सांगितलं का तू आपणहून?… त्या बाहेर बसल्यात, त्यांना ठावं न्हाई. बरं. दे त्यांना फोन… दे म्हणते ना. मी काय भांडत न्हाई. तू हाक मार त्यांना, आन् तू बाहेर बस जरा."

पलीकडे रिसीव्हर लाकडावर आपटल्याचा आवाज झाला. दूर कुठंतरी जीपवाला गिऱ्हाइकांना ओरडून बोलावत होता. गौतमी वाट पाहत राहिली. भागीच्या सासूला, शेवंताबाईला, तिनं लग्नात पाहिलं होतं. उंच, सावळी, कमी बोलणारी बाई. नवरा मागं गेलेला, दोन एकरांवर आणि लोकांच्या खुरपणीवर एकटीनं मुलगा वाढवला, त्याला आयटीआय करून कंपनीत लावला. मंडपात सगळ्यांना जेवायला वाढून झाल्यावर ती सगळ्यात शेवटी बसली होती. अशी बाई सुनेला वेगळ्या ताटात वाढते आणि ओसरीत झोपवते, हे गौतमीला पटत नव्हतं. तरी तिनं मनात बोलणं तयार ठेवलं होतं, आणि ते काही गोड नव्हतं.

"हॅलो?… जयभीम, शेवंताबाई. मी गौतमी, भागीची मावशी, दौंडची… हां, हां, लग्नात भेटलो होतो… बोला की. तुम्ही बोला आधी, मी ऐकते."

शेवंताबाई पुष्कळ बोलली. गौतमी नुसती 'हं' म्हणत राहिली, आणि बोटानं टेबलावरची मेथीची पानं एका रांगेत लावत राहिली.

"हं… हं… व्हय… न्हाई, न्हाई शेवंताबाई, आजारी पोरगी गळ्यात मारली असं न्हाई… थांबा. एक खरं सांगते. तिला दरसाल दसऱ्याच्या तोंडाला सर्दी होत होती. आक्काला ठाऊक होतं, मला बी ठाऊक होतं. सर्दीचं काय सांगायचं, असं म्हणलं आम्ही. सांगायला पायजे होतं… व्हय, चुकलं आमचं. आक्कापेक्षा माझं जास्ती चुकलं. मी दवाखान्यात काम करणारी बाई. आक्कानं मला दोनदा सांगितलं, पोरगी लई शिंकती म्हणून. मी कामात होते, म्हणलं गोळी दे एखादी. तवाच तिला इथं आणून दाखवली असती तर आज तुम्हाला न्हाई, तिला न्हाई, कुणालाच हा तरास झाला नसता."

हे बोलायचं तिनं ठरवलं नव्हतं. ते तोंडातून गेलं आणि मनातलं तयार बोलणं ती सगळं विसरून गेली. 

"हॅलो? ऐकता ना?… हां. शेवंताबाई, ती टीबी न्हाई. मी सगळं इचारलं तिला. ताप न्हाई, वजन उतरलं न्हाई, खोकला न्हाई. बांधावरचं गाजर गवत फुललंय, त्याचं हाय ते सगळं… व्हय, गवतानं बी होतं. मला बी होतं… तरी मी म्हणते, एकदा एक्स-रे काढू. तुमच्या मनातली शंका राहायला नको. तुमचे मालक त्यातच गेले म्हणलात ना?… ब्याण्णव साली. गोळ्या खाल्ल्या होत्या त्यांनी?… दोन महिने. बरं वाटाया लागलं आन् सोडल्या… व्हय. तसंच होतं लोकांचं. ज्यानं घरात ते बघितलंय त्याला शिंकेचं बी भ्या वाटणार. तुमचं भ्या खोटं हाय, असं मी म्हणत न्हाई."

आणि मग शेवंताबाईला खोकला आला. साधा नव्हता. आधी तिनं तो दाबला, मग तो सुटला, आणि सुटला तो बराच वेळ थांबेना. बूथमधल्या पंख्याच्या घरघरीतूनही गौतमीला त्याच्या तळाशी काहीतरी ओलं, जड हलताना ऐकू आलं. सोळा वर्षांत असे खोकले तिनं इतके ऐकले होते की हा तिनं लगेच ओळखला.

"पाणी प्या. सावकाश… मी थांबते… शेवंताबाई, हा खोकला कवापासनं हाय?… धुळीचा म्हणून न्हाई, मी कवापासनं म्हणून इचारते… उन्हाळ्यापासनं. लग्नात होता?… होता. आन् संध्याकाळचं अंग तापतं का तुमचं?… तापतं. रात्री घाम?… बांगड्या?… कोपरापर्यंत चढत्यात. आधी मनगटातच बसायच्या का?… हं. बेडका पडतो?… सकाळी. त्यात लाल?… एकदाच. कवा?… कुणाला सांगितलं?… रोहनला बी न्हाई? का?"

 त्या 'का'चं उत्तर आलं तेव्हा गौतमी उभी राहिली होती. आपण केव्हा उठलो ते तिला कळलं नाही.

"काय म्हणलात?… पुन्हा सांगा… तुमचं ताट वेगळं घेतलं असतं तर लोकांनी इचारलं असतं. म्हणून तिचं?… आन् ओसरीत तिला झोपवली, ती तुमच्या खोलीत नको म्हणून?… अहो… म्हंजी तुम्हाला वाटलं, तुमचंच तिला लागलं?… ती शिंकाया लागली तवापासनं असं वाटतंय… आन् माहेरी धाडायचं ते वाचावी म्हणून?… शेवंताबाई. शेवंताबाई, रडू नगा हो. ऐका माझं. तुमच्यामुळं तिला काय बी झालेलं न्हाई. ऐकता ना? तिचं दुखणं गवताचं हाय. तुमच्याकडनं आलेलं न्हाई ते."

खुर्चीच्या पाठीवर हात टेकून गौतमी बोलत राहिली. आवाज दवाखान्यातल्यासारखा सरळ ठेवायचा तिचा प्रयत्न चालला होता, कारण तो जरा जरी हलला असता तर पलीकडची बाई फोन ठेवून घरी निघून गेली असती.

"तुम्हाला टीबीच झालाय असं मी म्हणत न्हाई. खोकला शंभर गोष्टींचा असतो. पण तीन आठवड्यांच्या वर गेला की बेडका तपासायचाच, मग तो कुणाचा बी असू द्या… निघाला तर निघाला! आता ते ब्याण्णव साल राहिलं न्हाई. सरकारी गोळ्या मिळत्यात, फुकट. दिवसाआड दवाखान्यात जायचं, तिथली बाई समोर बसवून गिळाया लावती. सहा-सात महिने. मधी सोडायच्या न्हाईत, बरं वाटलं तरी, कटाळा आला तरी. पुऱ्या केल्या की माणूस बरा होतो. खडखडीत. माझ्यासमोर किती झाले… न्हाई, लोकांना कशाला सांगायचं? रोहनला सांगायचं, भागीला सांगायचं. त्या दोघांना मात्र सांगायचं, त्यांना बी तपासावं लागंल… भागीला मी सांगत न्हाई. तुम्ही सांगा. तुमच्या तोंडानं सांगितलेलं बरं."

"तर आज दोघी बी या… आजच. उद्या न्हाई, बेस्तरवारी न्हाई… शेळ्यांचं काय मोठं? अनसाबाईला सांगा. गावभर बोलती, तेवढं एक काम तरी करंल… कपडे चांगले न्हाईत? दवाखान्यात कोण बघतंय कपडे? हाय तशा या. खिडकीपाशी बसा, काच उघडी ठेवा, खोकला आला की तोंडाला पदर धरा. बास… हॅलो?… शेवंताबाई?… हॅलो?"

रिसीव्हर पुन्हा लाकडावर ठेवल्याचा आवाज आला, पावलं गेली, आणि नंतर नुसता स्टँडवरचा गलका. गौतमीचा जीव टांगणीला लागला. तिला वाटलं, आपण फार बोललो. पहिल्याच झटक्यात सगळं सांगून टाकलं. बाई आता शेळ्यांकडे जाईल, आणि पुन्हा कोणापाशी तोंड उघडणार नाही.

"हॅलो?… भागे, तू हायस व्हय… काय बोललो ते मी न्हाई सांगत. त्याच सांगतील तुला… अगं भांडण न्हाई झालं. त्या कुठं गेल्या?… दिसत न्हाईत? रस्त्याकडं बघ… गर्दी हाय. बरं. बघत राहा, आन् बघता बघता माझं ऐक. त्यांच्यावर रागावू नगं. का ते इचारू नगं आता, पण रागावू नगं… तू तुझं सांभाळ. ते गवत फुलं आल्यावर तू उपटायचं न्हाई. कुणी दुसऱ्यानं उपटावं, हातात मोजे घालून, फुलायच्या आधी. जाळायचं तर अजिबात न्हाई, धुरानं आणखी वाढतं. शेतात गेलीस तर नाकातोंडाला ओढणी बांध. घरी आलीस की पहिलं हातपाय, तोंड, डोळे धू. साडी झटकून बाहेर ठेव, तीच नेसून गोधडीत शिरू नगं. गोधड्या उन्हात टाकायच्या, पण झटकायला रोहनला लाव… लावायचं की! त्याचे काय हात दुखत्यात? आन् उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ टाकून नाक धुवायचं, ते मी तुला इथं आल्यावर करून दाखवते, फोनवर न्हाई कळायचं."

"जाईल का?… खरं सांगू? मुळापासनं जायचं न्हाई कदाचित. माझं कुठं गेलंय? पण दरसाल आपल्याला कळतं, आता येणार म्हणून. आधीपासनं फवारा सुरू करायचा, बांधाकडं जायचं न्हाई, की निम्मं होतं. त्या निम्म्यासकट माणूस संसार करतं, नोकरी करतं, हसतं, भांडतं… हां. सापडल्या का त्या?… न्हाई? नीट बघ गं… घराकडं गेल्या असतील का?… कसला आवाज आला? गाडी?… कुठली?… दौंडची! आली बी?… थांब, तू एकटी तरी निघ मग. त्या न्हाई आल्या तर मी उद्या स्वतः येते तिकडं, माझी सुट्टी टाकून… काय?… काय म्हणतीस?… गाडीत? त्या गाडीत बसल्यात? कवा चढल्या?… आत्ता? पिशवी न्हाई, काय न्हाई, तशाच?… अगं बाई… कोण ओरडतंय?… त्याच? खिडकीतनं?… काय म्हणत्यात? मला ऐकू येत न्हाई… कंडक्टरला? काय?… 'घंटी मारू नको, माझी सून यायचीय'?… अगं मग फोन कशाला धरून उभी हायस, भागे! ठेव! ठेव फोन, पळ—"